क्लोदीन म्हणजे लंगडी

डेट्रॉइटच्या विमानाच्या दारातच एक माणूस माझ्यासाठी व्हीलचेअर घेऊन उभा होता. धाकट्या भावाने, मिलिंदने, मला न विचारता बुक केलेली. लहानपणी पोलिओ झाल्यापासून मी लंगडते, पण साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं उभी राहून शिकवलं आहे. खुर्चीत पर्स ठेवली आणि तिच्या शेजारून चालत बाहेर पडले.

ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. फुटपाथवर ब्लॅक आइस (डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा थर), आणि तशातही पोरं सायकली दामटत होती. मी आले होते मिलिंदच्या मुलीच्या बारशाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. नाव ठरलं होतं क्लोदीन. "फ्रेंच आहे, ताई. किती क्यूट ना?" भावजय अदिती म्हणाली. मलाही आवडलं.

बारशाच्या सकाळी घुगऱ्या शिजत होत्या. शेजारचे निवृत्त डॉक्टर काका फोनवर नावाचा अर्थ शोधत होते.

"क्लोद या पुरुषाच्या नावाचं स्त्रीरूप. मूळ लॅटिन. अर्थ..." काका अडखळले. "लंगडी."

सगळे घुगऱ्यांच्या पातेल्याकडे बघू लागले.

"ओ गॉड, किती निगेटिव्ह!" अदिती म्हणाली. "चेंज करू या. क्लेअर ठेवू, त्याचा अर्थ तेजस्वी." मग माझी नजर चुकवत, "आणि ताई, तुम्हाला वाकायला त्रास होईल ना? कानात नाव डॉक्टरकाकू सांगतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आदल्याच दिवशी जमिनीवर बसून मी पाळण्याला झालर शिवली होती. तेव्हा कुणाला माझ्या वाकण्याची काळजी नव्हती!

"नाव खुशाल बदल, मुलगी तुझी आहे. पण आत्या मी आहे. लंगडेपण काही कानातून लागत नाही."

"ताई, तसं नाही, यार..." मिलिंद पुटपुटला.

"तसंच आहे! तुला सायकल शिकवताना मागे कोण धावत होतं? तेव्हा बरा चालला माझा पाय!"

भरल्या खोलीतून मी पाळण्यापाशी गेले, वाकले, बाळाच्या कानात 'क्लेअर' हे नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. माझ्या पाठीला नुसती बोटं टेकली.

"जोरात मारा गं! पाठ धड आहे माझी."

या सगळ्याची तक्रार आपल्या माणसांत मांडायची, असं परतताना विमानातच ठरवलं होतं. घरी पोहोचल्यावर शेजारच्या वहिनी आल्या. पेढ्यांचा डबा उघडता उघडता त्यांना सगळं सांगितलं.

"बदललं ते बरंच झालं हो," त्या कळवळून म्हणाल्या. "पोरीच्या जन्माला कशाला तो डाग?"

पुढे केलेला पेढा मी परत डब्यात ठेवला.