बिटांना नावं देताना

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हटलं की मी आधीच दमतो. यवतमाळात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो म्हटलं की शेजारी विचारतात, "म्हणजे कम्प्युटर दुरुस्त करता का?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं काम असं, की कंपनीची मशीनं गावोगावी बसवलेली असतात. त्यांच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असतो आणि तो चालता चालता स्वतःबद्दल ओळी लिहीत जातो. त्या ओळी म्हणजे लॉग. मशीन बंद पडलं की लॉग माझ्याकडे येतो आणि ते का पडलं हे मी त्यातून हुडकायचं.

त्यातली सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे फ्लॅग. फ्लॅग म्हणजे एक बिट, एक हो किंवा नाही. वीज आहे का, बॅटरी उतरली का, मेमरीचा हा तुकडा कुणी वापरतंय का. असे ढीगभर हो-नाही एकाच आकड्यात कोंबलेले असतात आणि लॉगमध्ये त्या आकड्याची अंक-अक्षरांची भेळ छापून येते. ती सोडवायची म्हणजे कोड उघडून एकेक बिट मोजत बसायचं. वर्षानुवर्षं हेच केलं. डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी कंटाळून मी एक पॅच लिहिला, म्हणजे कर्नलच्या कोडमधला छोटासा बदल. आता आकड्याऐवजी जे बिट 'हो' असतील त्यांची नावंच छापली जाणार होती, मध्ये उभी दांडी घालून. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, म्हणून पॅच त्यांच्याकडे पाठवला. तो तपासणाऱ्या परदेशातल्या माणसाने उत्तर दिलं की नावं ठीक आहेत, पण ज्या बिटांना तू नावच दिलं नाहीस ते 'हो' असले तर? ते तू गिळून टाकतोस आणि वाचणाऱ्याला वाटतं, एवढंच होतं. मला राग आला. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच निस्तरत बसलो होतो, तेवढ्यात आमच्या गावावरून, बोरी अरबवरून, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. बाबा त्याच्याकडे राहायचे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले आणि कित्येक महिने दम्याने खाटेला खिळलेले.

"बाबाची तब्येत जास्त हाय," दादा म्हणाला. "तू निघून ये."

"ताईले सांगू?"

"तिलेबी घेऊन ये."

एवढंच. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. येणारा वाटेत कोसळू नये म्हणून 'तब्येत जास्त आहे, निघून ये' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. काका गेले तेव्हा हेच, आत्या गेली तेव्हाही हेच. उलट प्रश्न करायचा नाही, कारण मग सांगणाऱ्याला उघड खोटं बोलावं लागतं. मीही केला नाही.

सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. दर रविवारच्या खेपा, दवाखाने, त्यांच्या छातीतली ती घरघर, सगळं संपलं असं वाटलं. मग खुर्चीतून उठवेना.

ताई यवतमाळातच राहते. मी दारात उभा राहिलो तेव्हाच तिने ओळखलं. तिने पांढरी साडी नेसली आणि दोघांपुरत्या पोळ्या टाकल्या, कारण मरणाच्या घरी चूल पेटत नाही. "खाऊन घे, तिथं कोन इचारते?" असं मला दटावत स्वतः रडत होती. आम्ही जेवलो, ऑटोने स्टँडवर गेलो आणि बोरीवरून जाणारी दारव्ह्याची एसटी पकडली.

बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. दादा तर 'जास्त आहे' एवढंच म्हणाला. समजा, त्याचा अर्थही तेवढाच, नुसतं आजारपण वाढल्याचा, असला तर? मी तसं ताईला म्हणालो.

"येडा झाला का?" ती म्हणाली. "असंच सांगतेत."

घरापुढे माणसं जमलेली नव्हती. ताईने तिकडे पाहिलंच नाही. हंबरडा फोडत ती आत शिरली. बाबा खाटेवर उशीला टेकून बशीतून चहा पीत होते. त्यांनी तिच्या रडण्याकडे पाहिलं, मग साडीकडे. आमच्या बौद्ध घरात बायका पांढरं नेसतात ते पौर्णिमेला, नाहीतर मयतीला.

"आज पोर्णिमा हाय का माय?" त्यांनी विचारलं.

मी दादावर तडकलो. तोही तडकला.

"सकाळी श्वास लागलता त्याह्यले. डॉक्टरनं इंजेक्शन देल्लं तवा बरं वाटलं. तब्येत जास्त होती, जास्त हाय म्हनलं. दुसरं काय म्हनू?"

खरंच, दुसरं काय म्हणणार होता? त्या शब्दांना आम्हीच दुसरा अर्थ देऊन ठेवलेला, आणि पहिल्या अर्थासाठी शब्दच उरला नव्हता.

वहिनीने पानं घेतली तर ताई म्हणाली, आम्ही जेवून आलो. बाबांच्या लगेच लक्षात आलं. "माह्या मरनाचं जेवून आले काय बे?" ते म्हणाले आणि हसू लागले, हसता हसता खोकू लागले. खोकला थांबल्यावर दादाला म्हणाले, "मी मरन तवा सरळ सांगजो. बाप मेला म्हनजो. ह्या पोरायले दोनदा नको रडवू."

यवतमाळला परतून मी पॅच पुरा केला. ओळखीच्या बिटांची नावं छापायची आणि बिननावाचे जे उरतील ते शेवटी आकड्यातच राहू द्यायचे. तपासणाऱ्याने तो मान्य केला. आता लॉग सरळ वाचता येतात. मी तरीही दमतो, पण थोडा कमी.

थंडीच्या सुरुवातीला दादाचा फोन आला.

"बाबा गेले," तो म्हणाला. पहाटे गेले, झोपेत गेले, वहिनी जवळ होती, सगळं नीट सांगितलं. बाबांनी सांगितलं होतं तसंच. मला विचारायला काही उरलंच नाही.

ताईलाही मी तसंच सांगितलं. या वेळी तिने पोळ्या टाकल्या नाहीत. त्याच रस्त्याने एसटी निघाली.

"दादानं 'जास्त हाय' म्हनलं असतं त बरं झालं असतं," ताई म्हणाली. "बोरी येतवर तरी बाबा राह्यले असते."