जाऊबाईंची पेटी

दिवाळीत भेट द्यायला मी सागवानाच्या छोट्या पेट्या बनवते. परवा मोठ्या जाऊबाईंकडे गेले, तर गेल्या वर्षीची माझी पेटी चपलांच्या कपाटात दिसली. आत बूटपॉलिश आणि ब्रश.

"अगं, अगदी मापात बसलं बघ," त्या कौतुकाने म्हणाल्या. मी हसले.

आज त्यांच्यासाठी नवी पेटी घासतेय. भुसा जितका बारीक होतो, तितका बोटांना जास्त चिकटतो. रागाचंही तसंच असावं. या वेळी झाकणावर मी गणपती कोरलाय. आता ही पेटी चपलांजवळ ठेवता येणार नाही, टाकूनही देता येणार नाही. देव्हाऱ्यातच ठेवावी लागेल. मग रोज सकाळी आंघोळ करून जाऊबाई माझ्या हातच्या कामापुढे डोकं टेकतील.