मशीनला मराठी आली

नांदेडच्या एका फोटोवाल्यानं लग्नाचे अल्बम बनवायचं काम बंद केलं, तेव्हा त्याचा दणकट कॉम्प्युटर मी घरी आणला. पुढं शोधून शोधून आणखी एक जुनं ग्राफिक्स कार्ड मिळवलं. आखाडा बाळापूरच्या आमच्या घरात माय आणि मी अशा दोघीच. वडील गेल्यापासून पुण्यातल्या कंपनीचं काम मी इथूनच करते. माय अंगणवाडी सेविका होती, आता रिटायर झालीय. मागच्या खोलीतली ज्वारीची पोती सरकवून मी ते सगळं एका लोखंडी रॅकवर उघडंच मांडलं, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"हे काय करून राहिली?"

"कॉम्प्युटरवरची नाणी काढायची मशीन हाय, माय."

"म्हंजे खणायचं?"

"व्हय, पण गणितं करून."

बिटकॉइनसाठी कारखान्याएवढी यंत्रं लागतात. माझं आपलं एक छोटं, फारसं कुणाला माहीत नसलेलं नाणं होतं. त्यातून श्रीमंत होणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण गच्चीवर सोलर होतं. बॅटरी भरली की दुपारचं ऊन नुसतंच वाया जायचं. त्या उन्हावर काहीतरी चालवून बघायची हौस होती. शिवाय नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी दुरून सांभाळते, ही मात्र माझी स्वतःची होती.

कितीतरी रविवार त्यात गेले. आधी कार्ड ओळखलं जाईना. ते जमलं तर प्रोग्राम सुरू होऊन लगेच पडायचा. शेवटी सापडलं काय, तर सेटिंगच्या फाइलमध्ये चुकीच्या जागी पडलेला एक स्वल्पविराम. तो काढला आणि काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली : ॲक्सेप्टेड. मी एवढ्यानं ओरडले की माय पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं गं?"

"मशीनचं उत्तर मान्य झालं!"

"कोणी केलं मान्य?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. "जगानं," मी म्हटलं. "बरं," म्हणत ती तव्यावरची भाकरी उलटायला परत गेली.

मशीन चालू झाली की तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. कार्ड किती तापलंय, पंखे फिरतायत का, काम कोणत्या वेगानं चाललंय, हे सगळं आलेख काढून दाखवणारा एक प्रोग्राम मी बसवला. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा असा तो फुकटातला होता आणि सगळा इंग्रजीत होता.

पहिल्या उन्हाळ्यात मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी हिंगोलीला गेले. भर दुपारी मायचा फोन आला. "लाल लाल अक्षरं येऊन राहिलीत. काय करू?"

"काय लिहिलंय ते वाच."

"टी... यच... आर..." ती एकेक अक्षर लावायला लागली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मी मेन स्विचच बंद केलं."

अख्खं घर बंद. मशीन अशी मधेच बंद पडल्यानं तिच्या फाइली बिघडल्या. घरी येऊन मी सगळं पुन्हा बसवलं. माय शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "मशीन काय म्हनते ते मला समजायला नको का?" ती म्हणाली. "घरात तर मीच असते."

तिचं बराबर होतं. त्याच आठवड्यात मी तो प्रोग्राम मराठीत आणायला बसले.

मायपुढं परातीत हरभरे आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप, असं आमचं काम चालायचं. मी शब्द वाचायची, ती निवडता निवडता पास किंवा नापास करायची. 'उंबरठा मूल्य' ऐकून तिनं हातातले हरभरे खाली ठेवले.

"मशीनला उंबरठा काहून?"

"तापायची एक सीमा असते, तिच्या पुढं गेलं की धोका. त्याला म्हणतात."

"मग हद्द म्हन की. हद्द झाली म्हनलं की कुनालाबी कळतं."

हद्द झाली! ज्या लाल ओळीला ती घाबरली होती, तिथं आम्ही लिहिलं : 'मशीन फार तापलीय, म्हणून हळू चालतेय.' तिला ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "मान्सासारखंच हाय की."

शब्द ठरले, पण पडद्यावर ते धड दिसेनात. 'हद्द'मधला जोड तुटून पाय मोडलेला दिसायचा. 'स्थिती'ची वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायची. हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखी लिपी कधी डोळ्यांपुढं धरलीच नव्हती. अक्षरं काढणारा सगळा भाग मी उसवून पुन्हा लिहिला. नोकरीत मी असलं काम कधी केलं नव्हतं. कुणी शिकवायलाही नव्हतं. चुकत चुकत गेले, आणि एका सकाळी 'हद्द' दोन्ही पायांवर नीट उभी राहिलेली दिसली.

केलेलं काम मी मूळ प्रोग्राम सांभाळणाऱ्याकडं पाठवलं. तो युरोपात कुठंतरी राहणारा माणूस. त्याचं उत्तर आलं : मला यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, हे बरोबर दिसतंय की नाही, कसं तपासू? मी मायला पडद्यापुढं बसवलं आणि तिचा व्हिडिओ काढला. अंगणवाडीतल्या लेकरांना गाणी शिकवायची, त्याच खणखणीत आवाजात तिनं वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, कुठंही न अडखळता. त्या माणसानं कळवलं की त्यानं तो दोनदा ऐकला. पुढच्या आवृत्तीत भाषांच्या यादीमध्ये आपल्या लिपीत शब्द आला : मराठी. मी तो पडदाभर मोठा करून बघितला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मावशीच्या दुसऱ्या डोळ्याची पाळी आली. मी पुन्हा हिंगोलीला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते आणि मोबाइलवर मशीनचा निरोप आला : 'एक पंखा बंद पडलाय. मशीन तापतेय.' तोच निरोप मायच्या मोबाइलवरही जातो. मी लगेच फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला, तरी उचलेना. आता पुन्हा मेन स्विच, असं मनात आलंच. तेवढ्यात दुसरा निरोप : 'काम थांबवलं.' मग बराच वेळ काहीच नाही. मावशीला आत नेलं होतं. मी व्हरांड्यात नुसती फेऱ्या मारत होते. आणि मग आलं : 'काम सुरू. सगळे पंखे चालू.'

त्यानंतर मायचा फोन. "मागच्या खोलीत गोधडी शिवत बसले व्हते, तिचा दोरा गुतला व्हता पंख्यात. बटन दाबून थांबवली, गार होऊ दिली, वायर काढली आन् मग दोरा ओढला."

"माझा फोन का नाही उचलला?"

"हातात काम व्हतं ना. आता सांग, मावशीला कसं हाय?"

मावशीला बरं होतं. पण व्हरांड्यात उभ्या उभ्या मी इतकी हसत होते की नर्सबाईंनी थांबून विचारलं, "पेशंटची काही खुशखबर?" मी म्हटलं, "माझ्या आईची."

मागच्या महिन्यात आम्ही दोघी डोंगरकडा गावी एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत एका काकींनी विचारलं की पोरगी घरी बसून करते तरी काय. मी उत्तर जुळवत होते, तोवर माय वाढणाऱ्याला हातानं थांबवून म्हणाली, "परदेशातल्या मशिनी इंग्रजी बोलत व्हत्या. माझ्या पोरीनं त्यायला मराठी शिकवली."

"आणि तुम्ही?" काकींनी विचारलं.

"मी तपासली," माय म्हणाली, आणि मग वाढणाऱ्याकडून वरण घेतलं.