दोन मीटर इलॅस्टिक

वर्ध्यात माझं ब्लाउजपीस मॅचिंगचं दुकान आहे. लाल रंगाच्या बावीस छटा मी डोळे झाकून ओळखतो, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. बायका मात्र कापड बाहेर उन्हात नेऊन पाहतात, कारण ट्यूबलाइटवर आणि माझ्यावर त्यांचा सारखाच विश्वास आहे.

माझ्या लेकीला, अंकिताला, आकाशाचा अभ्यास करायला पुण्यात जागा मिळाली. रविवारी निघायचं होतं. "वर्ध्यात आकाश नाई का?" असं विचारून मी अबोला धरला. पाचव्या दिवशी तो मलाच जड झाला. इलॅस्टिक घ्यायला नलूताई आल्या होत्या. अंकिता काउंटरवरच होती; तिला ऐकू जाईल असा मी त्यांच्यासमोर शहाणपणा पाजळला. "दूरच्या दीर्घिका लाल दिसतात म्हणे. शोकेसमधलं कापडही जुनं झालं की रंग बदलते. त्यात शिकाचं काय?"

"नुसता रंग नाई पाहत बाबा, नमुना जुळवतात," अंकिता म्हणाली. "हायड्रोजनच्या प्रकाशात ठरलेल्या जागी रेषा असतात. प्रयोगशाळेतला तो नमुना दीर्घिकेच्या प्रकाशाले लावून पाहा. रेषा त्याच, क्रमही तोच, पण साऱ्या लाल बाजूले सरकलेल्या. प्रकाश वाटेत असताना मधलं अवकाशच ताणलं, त्याच्यासंग प्रकाशही. दीर्घिका जेवढी दूर, तेवढं सरकणं जास्त."

म्हणजे मॅचिंगच की! माझाच धंदा, आणि मलाच कळला नव्हता.

तरी हार कोण मानतो? "दाखव," म्हटलं. तिनं नलूताईंच्या दोन मीटर इलॅस्टिकला वीतभर अंतरावर बटणं टाचली. एक टोक काउंटरवर दाबून धरलं, दुसरं मला दिलं. मी ऐटीत मागे सरकत थेट दुकानाबाहेरच्या ओट्यावर गेलो. सगळी बटणं एकमेकांपासून लांब गेली. तिच्याजवळचं थोडंसंच सरकलं, माझ्याकडचं पुष्कळ.

"ज्याच्यापासून सारे दूर जातात, ते मधलं बटण कोनतं?" मी ओरडलो.

"तसं नाई बाबा. कोन्याही बटणावर बसून पाहा, बाकीचेच दूर जाताना दिसतात."

पाच दिवस मी माझ्या बटणावर बसून होतो. लेक दूर चालली, एवढंच मला दिसत होतं. आता पाहिलं तर ती जागची हललीही नव्हती. ओट्यावर ओढत उभा होतो तो मीच. मला माझीच लाज वाटली आणि रडू आलं.

"मनोहरराव, ढिलं सोडा," नलूताई म्हणाल्या. "ताणून मोजलेलं मी घेत नाई."

टोक हातात धरूनच मी आत आलो, पार काउंटरपर्यंत.

"रविवारची गाडी किती वाजताची आहे?" मी अंकिताला विचारलं. "पुण्यापर्यंत येतो मी."