खालचं बारीक मराठी

स्क्रीनवरच्या जपानी बाईंनी चार ओळींचा कागद उचलून धरला आणि आमचा पहिला उमेदवार अक्षरांच्या खाली बघत बसला. खाली काहीच नव्हतं. दुसरा आला, त्यानेही खालीच पाहिलं. बाईंना वाटलं, मुलं लाजाळू आहेत. मला खरं कारण ठाऊक होतं, पण इंटरव्ह्यूत शिक्षकांनी बोलायचं नसतं.

मी अमरावतीत जपानी शिकवते. जपानच्या वृद्धाश्रमांत नोकरीला जाऊ पाहणारी मुलं आमच्याकडे येतात. सुरुवात 'काना'पासून. काना म्हणजे जपानी अक्षरमाला, साधारण एका अक्षराला एक उच्चार. ती दोन प्रकारची असते, एकीत त्यांचं भागलं नसावं.

आमच्या संचालकांनी पुस्तिका छापली, प्रत्येक अक्षराखाली मराठीत उच्चार.

"सर, मुलं फक्त खालचं मराठी वाचतात. शिवाय जपानी 'र' आपल्या र आणि लच्या मधला. तो मराठीत लिहिताच येत नाही."

"मॅडम, पालकांले दिसलं पाह्यजे, पोरगं आठ दिवसांत जपानी वाचून राह्यलं. तुमी कायले टेन्शन घेता?"

खरंच, आठ दिवसांत सगळे फाडफाड वाचू लागले. मराठी त्यांना आधीपासूनच येत होतं.

याच वर्गातली वैष्णवी शेंदूरजनाघाटची, वडिलांची संत्र्याची बाग. यंदा निवड झाली नाही तर चांदूर बाजारच्या स्थळाला होकार द्यायचा, असं ती घरी कबूल करून बसली होती. स्थळ तिला अजिबात नको होतं. मी तिची पुस्तिका काढून घेतली.

"मग सराव कशावर करू, मॅडम?"

"समोर दिसेल त्यावर."

तिच्या समोर संत्र्यांचे कॅरेट होते. मोठा, मध्यम, बारीक असा माल निवडून कॅरेटवर खडूने लिहायचं काम तिचंच. तिथे तिने हेच शब्द काना अक्षरांत लिहायला घेतले, रोज नवी तीन अक्षरं शिकून.

"काहून वं, हे काय किडेमकोडे काढून राह्यली? मोठा माल कोणता, मले कसं समजीन?" वडील भडकले.

"वाचा न मंग, बाबा."

माल भलत्याच गाडीत जाऊ नये म्हणून बाबाही वाचायला शिकले.

इंटरव्ह्यूत वैष्णवीचा नंबर पाचवा. तिने कागद वाचला. अडखळत, दोनदा चुकून, मागे जाऊन सुधारत, पण अक्षरांकडे बघून. निवड तिची एकटीची झाली. मला रडू आवरेना. संचालकांनी ते जाहिरातीसाठी मोबाईलमध्ये शूट केलं.

आठवडाभरात क्लासच्या दारावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'आमच्या पुस्तिकेचं यश!' त्यावर मोठ्या जपानी अक्षरांत अभिनंदन आणि त्याखाली अर्थातच बारीक मराठीत उच्चार. वैष्णवीचे वडील संत्री घेऊन आले होते. ते फ्लेक्सखाली थांबले आणि एकेका अक्षराकडे बोट करत वाचू लागले.

"ओ... मे... दे... तो..."

"काका, एवढं कायले अडखळता?" संचालक म्हणाले. "खाली मराठीत आहे न."

"चष्मा घरी राह्यला, सर. ते बारीक दिसत नाही मले."

पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीसाठी मी एकच सुधारणा सुचवली, मराठी उच्चार आणखी बारीक छापा. संचालक लगेच तयार झाले. कागद वाचेल म्हणाले.