बाईंचा चष्मा, माझी जीभ

वर्गाला प्रश्न विचारला की बाई चष्मा काढायच्या, पदराचं टोक हातात घ्यायच्या आणि खिडकीकडे तोंड करून काचा पुसायला लागायच्या. समोर एखादं पोर उभं राहून नुसतंच 'आय... आय...' करत असलं तरी त्यांची मान वळत नसे. "घाई कुणाला आहे?" एवढंच म्हणायच्या आणि दुसरी काच पुसायला घ्यायच्या.

बाईंकडे सहावी-सातवीचं इंग्रजी, माझ्याकडे शेजारच्या पाचवीचं. मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन. माझा आवाज पलीकडे जायचा आणि पलीकडची शांतता माझ्याकडे यायची. मला वाटायचं, बाईंना शिकवायचा कंटाळा आलाय. निवृत्ती जवळ आली की होतं असं माणसाचं. मी लांज्याहून नवी डिग्री घेऊन रत्नागिरीत आलेलो, तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की शाळा सुटेपर्यंत थांबत नसे.

तुमच्याही शाळेत माझ्यासारखे एक सर असतीलच. प्रश्न तेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला माझ्या वर्गात आले. पहिल्या बाकावरच्या मुलाला त्यांनी साधंच विचारलं, वडील काय करतात?

"माय फादर इज अ फार्मर, सर!" मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे वळले. "आपण कुठल्या बाकावर बसता?"

पोरं मधल्या सुट्टीपर्यंत हसत होती. त्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात हे मला नंतर कळलं. स्टाफरूममध्ये बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "अहो सर, वडील त्याचे ना? सांगेल की तो."

मी बाईंची नक्कल करून पाहिली. मला चष्मा नाही, म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून पुसायला घेतलं. पुसता पुसता काटा दिसला, तास संपत आलेला दिसला, आणि मी उत्तर सांगून टाकलं.

बंदराजवळच्या वस्तीतली श्रावणी पाचवीत माझ्याकडे होती. बोलताना अडखळायची, पहिलं अक्षर तोंडातच अडकून बसायचं. मला तिची दया यायची, आणि दया आली की मी तिचं वाक्य पूर्ण करायचो. तिनं 'म... म...' म्हटलं की मी लगेच 'माय मदर!' तिला बिचारीला 'मंडे' म्हणायचं असायचं. दिवाळीपर्यंत तिनं हात वर करणंच सोडलं. मी तिच्या प्रगतिपुस्तकात 'शांत व समंजस' असा शेरा लिहिला आणि स्वतःवर खूश झालो.

सहावीत ती बाईंकडे गेली. एके दिवशी पार्टिशनपलीकडून तिचा आवाज आला. "आय व... व... वेंट टू..." मी खडू हातात घेऊन तसाच उभा. 'मार्केट' माझ्या जिभेवर तयार होतं. पलीकडे काचेवरून पदर फिरत असणार. बराच वेळ गेला, आणि मग आलं, "द सी!" आदल्या दिवशी पोरगी आजोबांबरोबर होडीतून गेली होती. मला ते जन्मात सुचलं नसतं.

त्यानंतर ती रोज बोलायला लागली. वर्षअखेरीला बाई निवृत्त होणार आणि त्यांचे वर्ग माझ्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा श्रावणी थेट स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, त... तुमी गेल्यावर आमाला इंग्लिश कोन शिकवनार?"

"हे सर आहेत ना."

मासळीबाजारात शिळ्या बांगड्याकडे गिऱ्हाईक बघतं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "न... न..."

"नक्की आवडेल तिला!" मी म्हणालो.

बाईंनी कपाळाला हात लावला. श्रावणी डोळे पुसत निघून गेली. शाळा सोडताना बाईंना काळजी वाटत होती ती हीच, आणि तिचं कारण समोरच डबा खात बसलं होतं.

निरोप समारंभ हॉलमध्ये झाला. बाई बोलायला उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरला. डोळे भरून आले होते आणि शब्द फुटत नव्हता. मुख्याध्यापक पंख्याकडे बघायला लागले. मला ती शांतता सोसेना. मी उठलो आणि म्हणालो, "बाईंना असं म्हणायचं आहे की..."

"स... स... सर!"

मुलांच्या रांगेत श्रावणी उभी होती. सगळा हॉल तिच्याकडे वळला. तिचे कान लाल झाले होते, मुठी आवळलेल्या होत्या.

"स... सिट डाऊन! प्लीज!"

मी बसलो. बाई आधी रडल्या, मग हसल्या, आणि मग कितीतरी वेळाने बोलल्या. फार नाही. "आता मला काळजी नाही," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाई आता पावस गावी असतात, घरच्या आंब्याच्या कलमांत. शाळेत येत नाहीत. त्यांची आठवण मला रोज येते, विशेषतः माझा स्वतःचाच आवाज पार्टिशनवर आपटून परत येतो तेव्हा.

जूनमध्ये सातवीचा पहिला तास घेतला. सुट्टीत काय केलं, असा प्रश्न विचारला. श्रावणीनं हात वर केला आणि उभी राहिली.

"आय म... म..."

मी खुर्चीवर बसलो आणि खालचा ओठ दातांत धरला. तिला काय म्हणायचं आहे, मला काहीही ठाऊक नव्हतं.