मागे वळलेलं विमान

विमान किती वाजता उतरणार हे चेन्नईतल्या आमच्या तांबरमच्या इमारतीत कोणी विमानकंपनीला विचारत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या सबनीसांना विचारत. विद्याधर सबनीस मूळचे साताऱ्याकडचे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. समोर आलेला भाग मापात बसला तर शिक्का, नाहीतर परत, हेच काम आयुष्यभर केलं आणि निवृत्तीनंतर तीच नजर माणसांकडे वळवली. मी शेषगिरी, बँकेतून निवृत्त, त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. माझं मराठी तंजावरचं, निम्मं तमिळमध्ये भिजलेलं. ते त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं होतं. इथे लिहिताना मी त्याला इस्त्री केली आहे, ती त्यांच्याच धाकाने.

विमानांचं ॲप त्यांच्या फोनवर घालून दिलं ते मुलाने. उन्मेष त्यांचा एकुलता एक, चौतिशीतला, लग्नाचं नाव न काढणारा. चेन्नईतच पेरुंगुडीच्या एका कंपनीत नोकरीला होता, तिथेच फ्लॅट घेऊन एकटा राहत होता आणि कामासाठी दर आठवड्याला पुण्याला नाहीतर हैदराबादला जात होता. वडिलांशी काय बोलावं हा त्याला लहानपणापासूनचा प्रश्न, आणि सबनीसांनाही त्याचं उत्तर कधी सापडलं नव्हतं. ॲपने तो सोडवला. निघताना उन्मेष विमानाचा नंबर पाठवायचा, पोचल्यावर 'पोचलो' एवढंच लिहायचा. मधले दोन तास सबनीस फोनवरचं पिवळं विमान डोळ्यांत तेल घालून बघत बसायचे. चारुलतावहिनी तोवर जेवायला बसत नसत. बाहेरच्या खोलीतून "उतरला" असा आवाज आला की मगच त्या पान वाढून घ्यायच्या.

त्या ॲपचा उपयोग किती, हे मी स्वतः भोगून शिकलो. मुलीकडे दिल्लीला निघालो होतो. कंपनीचा निरोप आला की विमान वेळेवर आहे. सबनीस म्हणाले, तुमचं विमान अजून गुवाहाटीला उभं आहे. ते इथे येणार, मग तुम्हाला नेणार. तेव्हा कॉफी घ्या. हा माणूस उंटावरचा शहाणा आहे असं बायकोला सांगून मी रागाने निघालो आणि विमानतळावर चार तास बसून राहिलो. परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवून सगळं दाखवलं. विमानावर बोट ठेवलं की त्याची उंची, वेग, ते सकाळपासून कुठे कुठे जाऊन आलं ते सगळं दिसतं. मागे रेघ उमटते. कंपनी सांगते ती तिची इच्छा, म्हणाले, आणि हे दिसतं ते खरं. फक्त एका गोष्टीवर त्यांचा राग होता. समुद्रावर वगैरे खबर मिळेनाशी झाली की ॲप विमान थांबवत नाही, अंदाजाने पुढे सरकवत राहतं, नुसती तुटक रेघ काढून. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, पुढे कशाला ढकलायचं, असं ते कितीदा तरी म्हणाले असतील.

गेल्या जूनपासून उन्मेषचे नंबर जास्त यायला लागले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. सगळी विमानं सकाळची, सगळी बाराच्या आत उतरणारी. मुलाला शिस्त लागली म्हणून सबनीस खूश होते. वहिनी मात्र जिन्यात मला म्हणाल्या की पोरगं पाच महिन्यांत घरी फिरकलं नाही, आणि फोनवर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दिवाळीलाही तो आला नाही. त्या दिवशी त्याने हैदराबादचा नंबर पाठवला होता. मी वहिनींना म्हटलं, मोठी नोकरी म्हणजे असंच असतं. आपण किती सहज बोलून जातो, याची आता लाज वाटते.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. मी पेपर परत द्यायला खाली गेलो, तेव्हा सबनीस नेहमीच्या खुर्चीत होते. उन्मेषने नंबर पाठवलेलं पुण्याचं विमान नऊ चाळीसला सुटलं होतं, अकरा वीसला तिथे उतरायचं होतं. समुद्रावर जाऊन ते वळलं, शहरावरून पश्चिमेला लागलं, अरक्कोणमच्या पुढे गेलं. आणि मग ती रेघ वाकली. सबनीसांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. विमान पुरतं मागे फिरलं होतं आणि उंचीचा आकडा भराभर उतरत होता. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून मला तोंडावर बोट ठेवून दाखवलं. आत वहिनी डाळीला फोडणी देत होत्या. बाहेर आम्ही दोन म्हातारे एका आकड्याकडे बघत बसलो होतो.

दहा पस्तीसला विमान चेन्नईच्याच धावपट्टीवर टेकलं. थांबलं. आमचा जीव भांड्यात पडला. आता पोराचा फोन येईल म्हणून सबनीस वाट बघत राहिले. आला नाही. त्यांनी केला तर उचलला नाही. उतारूंना आतच बसवून ठेवलं असेल, असं मी म्हटलं. पावणेअकरा झाले, अकरा झाले. मग अकरा वीसला फोन वाजला. सबनीसांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

'पोचलो. पुण्यात छान ऊन आहे. आईला जेवायला सांगा.'

मी ॲप उघडून बघितलं. पिवळं विमान चेन्नईतच उभं होतं.

सबनीस उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन "उतरला" म्हणाले. चौतीस वर्षांत ज्यांनी खोटा शिक्का मारला नाही, त्यांनी तो बायकोसमोर मारला आणि वहिनींनी पान वाढून घेतलं. मग ते चपला घालताना मला हळूच म्हणाले, पेरुंगुडीला जाऊ या. मीही चपला घातल्या.

टॅक्सी वेळच्चेरीच्या रस्त्याने निघाली. मन चिंती ते वैरी न चिंती. माझ्या डोक्यात बाई, दारू, पोलीस असं सगळं येऊन गेलं. त्यातलं काहीही असतं तर परवडलं असतं, हे तेव्हा कळायचं होतं. सबनीस जूनपासूनचे 'पोचलो' एकेक करून बघत होते. पळ्ळिकरणैची दलदल आली, कचऱ्याचा वास आत शिरला, तरी त्यांनी मान वर केली नाही. मग एकदम मला विचारलं की आजचा निरोप बरोब्बर अकरा वीसला कसा आला? विमान ठरल्या मिनिटाला कधीच पोचत नाही. बाकी सगळे निरोप ठरल्या वेळेच्या दोन-चार मिनिटं मागेपुढे होते, विमान खरंच टेकल्यावर आलेले. म्हणजे, ते म्हणाले, तो बहुधा दर वेळी घरी बसून विमान बघत होता आणि मग लिहीत होता. आज त्याने विमान बघितलंच नाही.

मी सांगितलं की हल्ली निरोप आधी लिहून त्याला वेळ लावून ठेवता येते. तो आपोआप जातो. कामात असलेली माणसं असं करतात.

सबनीसांनी फोन खिशात टाकला.

"त्या वेळी आपण नसणार, असं ठरलं असेल तरच माणूस आधी लावून ठेवेल ना, शेषगिरीराव?"

  ड्रायव्हरला मी तमिळमध्ये दोनदा सांगितलं की गाडी लवकर ने.

फाटकावरच्या वॉचमनने सबनीसांना ओळखलं. उन्मेष सार घरीच असतात, म्हणाला, जूनपासून ऑफिस नाही, खालीसुद्धा क्वचित येतात. नंतर तो हसून भिंतीला टेकलेली सायकल दाखवायला लागला. चांगली गिअरची सायकल. कालच सारांनी त्याच्या मुलाला देऊन टाकली होती, एक पैसा न घेता, वर कुंड्याही दिल्या होत्या. सबनीसांनी त्या सायकलकडे एकदा बघितलं आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, पाच मजले. मी मागून धापा टाकत होतो.

त्यांनी घंटा वाजवली. आतून काही नाही. मग दारावर थाप मारली, आणि तोंड दाराच्या अगदी जवळ नेऊन म्हणाले, "उन्मेष, मी आलोय. दार उघड, बाळा."

बाळा हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता, बहुधा उन्मेषनेही नसेल. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कडी निघाली.

मला वाटलं होतं दाढी वाढलेला, मळक्या कपड्यांतला पोरगा दिसेल. तसं असतं तर बरं झालं असतं. उन्मेषने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते. घर लख्ख होतं. भांडी घासून पालथी घातलेली, फ्रिज बंद करून त्याचं दार उघडं ठेवलेलं, टेबलावर किल्ल्या, कागद आणि फोन एका ओळीत. परगावी जाताना घर आवरतात, तसं आवरलेलं. पण बॅग कुठेच नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?" त्याने विचारलं.

"विमान परत आलं," सबनीस म्हणाले.

उन्मेष खाली बसला.  मग तुटक तुटक बोलायला लागला. जूनमध्ये नोकरी गेली. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचंच राहिलं, आणि दुसरी मिळेना तेव्हा सांगायची हिंमतच उरली नाही. वडील बघतात तसंच तो ॲपवर बघून विमानं निवडायचा. जी कधी रखडत नाहीत, बाराच्या आत उतरतात, अशी. आईचं जेवण लांबू नये म्हणून. हे सांगताना त्याला रडू आलं नाही, मला आलं.

सबनीस त्याच्यासमोर फरशीवर बसले होते. इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. एक वाजला होता. उन्मेषचा फोन हातभर लांब टेबलावर होता, त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि निरोप त्याचाच होता. त्याने डोळे मिटून घेतले. सबनीसांनी वाचलं, आणि मला ते त्यांच्या खांद्यावरून दिसलं.

'बाबा, आता रेंज नसलेल्या ठिकाणी चाललोय. यापुढे नंबर पाठवणार नाही. आईला माझ्यासाठी थांबू देऊ नका, वेळेवर जेवायला सांगा.'

सबनीसांनी तो फोन फरशीवर पालथा ठेवला. "हे मी पास करत नाही," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पोराचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडायला लागले. कारखान्यात, शेजारात, कुठेही कोणी न ऐकलेलं ते रडणं होतं. मी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिलो. ते दोघं उठेपर्यंत मी तिथून हललो नाही.

याला आता तीन महिने झाले. उन्मेष तांबरमलाच असतो. दर गुरुवारी सबनीस त्याला डॉक्टरकडे घेऊन जातात, गोळ्या स्वतःच्या हाताने देतात. इमारतीतलं कोणी विमानाचं विचारायला आलं तर कंपनीला विचारा म्हणतात. त्यांची खुर्ची उन्मेषच्या खोलीसमोर आली आहे, आणि त्या दाराची कडी त्यांनी आतून काढून टाकली आहे. दुपारी मीही तिथे जाऊन बसतो. 

परवा मी न राहवून विचारलं की कसा आहे तो. सबनीस दारावरची नजर न काढता म्हणाले, "अजून वरच आहे. पण दिसतोय."

घड्याळात दोन वाजून गेले होते. स्वयंपाकघरात चारुलतावहिनी तीन पानं मांडून बसल्या होत्या, आणि त्यांनी अजून स्वतःचं वाढून घेतलं नव्हतं.